पाणाड्यांचं इंग्रजी

सबंध नेवासे तालुक्यात इंग्रजी भाषेवर जिवापाड प्रेम करणारा एकच माणूस मला भेटला, आणि त्याला त्या भाषेतला एकच शब्द येत होता. मी स्वतः त्या वेळी सोनईच्या शाळेत इंग्रजीचा शिक्षक होतो, तेव्हा हे विधान मी माझ्यासकट करतो आहे. मला शब्द पुष्कळ येत, पण त्यातल्या एकाचीही मला रात्री आठवण येत नसे. ह्यांचं तसं नव्हतं. ते पाणाडे होते. जमिनीखाली पाणी कुठे आहे हे कडुनिंबाची बेचक्याची काडी हातात धरून सांगणं हा त्यांचा धंदा. साठीच्या पुढचं वय, काटकुळी अंगलट, गुडघ्यापर्यंत धोतर, आणि चालताना नजर कायम खाली. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. सगळे नुसतं पाणाडे म्हणत, म्हणून मीही तेच म्हणत आलो.

त्यांचा तो एकुलता एक शब्द म्हणजे ‘वेल’. तरुणपणी नगरला एका परदेशी डॉक्टरीणबाईंच्या आवारात त्यांनी विहिरीची जागा दाखवली होती. बाईंनी काडी पाहून आधी ‘वेल?’ असं विचारलं, जागा दाखवल्यावर ‘वेल...’ म्हणून मान हलवली, पाणी लागलं तेव्हा ‘वेल, वेल’ म्हणाल्या, आणि दुभाष्यानं सांगितलं की ह्या खड्ड्यालाही इंग्रजीत वेलच म्हणतात, नि माणूस खडखडीत बरा असला तरी तो वेलच असतो. पाणाडे तिथेच त्या भाषेच्या पाया पडले. मी गावात रुजू झालो त्या आठवड्यात ते माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, “मास्तर, ज्या लोकांनी हिरीला आन खुशालीला येकच शबुद ठिवला, त्यांनी कदी ना कदी लांबून पानी व्हायलं आसंल.” भाषाशास्त्राची माझी पुस्तकं मी त्यानंतर फारशी उघडली नाहीत.

उच्चाराबाबत ते भारी कडक होते. ओठांचा चंबू करायचा, चुलीवर फुंकर घालतो तसा, आणि दात कुठेही लागू द्यायचे नाहीत. माझ्या वर्गातली पोरं भोपळ्याच्या वेलासारखं सपाट ‘वेल’ म्हणत. पाणाडे खिडकीबाहेर उभे राहून त्यांना समजावत की भोपळ्याचा असतो तो मांडवावर चढतो आणि हा जमिनीत उतरतो, दोघांचं तोंड एक कसं असेल? एकदा शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी पोरांना शाबासकी द्यायला ‘व्हेल डन’ म्हटलं, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, “सायेब, दात लागलं.” साहेबांनी वळून पाहिलं. मी खडू शोधायला लागलो. पण खोटं कशाला बोलू, साहेबांनी जाताना फाटकापाशी, कुणी पाहत नाही असं बघून, ओठांचा चंबू करून दोनदा म्हणून पाहिलं.

गंमत अशी की ज्या उच्चारासाठी पाणाड्यांनी चाळीस वर्षं तोंड वाकडं केलं, तो त्यांच्या बायकोला फुकट येत होता. तिला आम्ही मावशी म्हणत असू. जन्मभर फुंकणीनं चूल पेटवल्यामुळे तिचे ओठ आपोआपच तसे होत. पाणाडे संध्याकाळी गावोगाव हिंडून परत आले की दारातूनच “वेल?” असं विचारत. मावशी चुलीपुढून मान न वळवता रिकाम्या हंड्याकडे बोट करी आणि तोच शब्द त्यांच्यापेक्षा शुद्ध परत करी. ते खट्टू होत. कारण बोट कुठे आहे ते त्यांना कळत होतं.

सगळ्या तालुक्याला पाणी दाखवणाऱ्या ह्या माणसाच्या घराला विहीर नव्हती. मावशी तीस वर्षं ओढ्याकाठच्या विहिरीवरून पाणी आणत होती, जाऊन येऊन पाऊण कोस. पाणाड्यांना वडिलांनी घालून दिलेला नियम होता : स्वतःच्या जमिनीत बघायचं नाही, आणि दुसऱ्याच्या जमिनीत मालकानं नारळ-सुपारी देऊन बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. नियम मोडला की हातातली काडी मरते. ह्यावर नवरा-बायकोचं किती वाजलं असेल ते असो, पण मावशीनं नियम मोडायला त्यांना कधी सांगितलं नाही. काडीवर दोघांचं पोट होतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि ओढ्याकाठची विहीर आटली. मावशी आता त्याहून दूर, नदीच्या वाळूत झिरा करून वाटीवाटीनं हंडा भरू लागली. तेव्हा एके दिवशी तिनं डोकं चालवलं. घराशेजारची दहा गुंठ्यांची पट्टी तिला माहेरहून मिळालेली, तिच्याच नावावर. म्हणजे तिथली मालकीण तीच. तिनं मला साक्षीला बोलावलं, धुवट लुगडं नेसली, घरातून बाहेर येऊन परक्यासारखी स्वतःच्याच उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि नवऱ्यापुढे नारळ-सुपारी धरून म्हणाली, “पानाडं, आमच्या रानात येवून जागा दावा.” पाणाड्यांनी उपरणं सारखं केलं, दोन्ही हातांनी नारळ घेतला आणि किती दिवसांत विहीर पाडायचा विचार आहे, अशी गिऱ्हाइकाला करतात तशी चौकशी केली. मी हसू दाबत होतो. मावशी मुळीच हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत इतकी आस मी कधी पाहिली नव्हती.

पण त्या साली पाणाड्यांना बोलावणी किती. रोज दारात बैलगाडी उभी. आधी नारळ ज्याचा त्याची पाळी आधी, ह्यातही त्यांचा नियम आड आला. मावशीच्या आधी एकोणीस गावं होती. ते तिला म्हणत, येत्या सोमवारी. तो सोमवार गेला की पुढचा. वैशाखात एका दुपारी ती नदीवरून हंडा घेऊन आली, ओसरीवर टेकली आणि म्हणाली की जरा चक्कर येते. संध्याकाळपर्यंत ती गेली. पाणाडे तेव्हा सतराव्या गावात होते.

तेराव्यानंतर उरलेली दोन गावं उरकून ते मावशीच्या पट्टीत उतरले. तिनं दिलेलं बोलावणं अजून फिटायचं होतं. दहा पावलं गेले नाहीत तोच काडी मनगट पिळवटून खाली वाकली. वडारांनी सुरुंग लावले, गावानं माती उपसली, आणि पाच परसावर, म्हणजे पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्यावर, त्या भयंकर साली गोडं पाणी लागलं. सगळे ओरडले. पण ‘वेल’ हा शब्द पाणाड्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही, आणि वर्गात तो आला की मी घाईनं पुढे जात असे.

पुढच्या साली पाऊस झाला, ओढ्याकाठची विहीर भरली. आणि गावानं पाहिलं ते असं, की दारात काठोकाठ विहीर असताना पाणाडे खांद्यावर हंडा घेऊन रोज सकाळी ओढ्याकडे निघाले. दारच्या पाण्यावर आळीतल्या बायका येत. ते मात्र त्यातलं घोटभर घेत नसत. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं लोक म्हणाले. एका सकाळी मी त्यांच्याबरोबर चालत गेलो आणि परतताना हंडा माझ्याकडे द्या म्हणालो. त्यांनी दिला नाही. हे किती दिवस करणार, असं मी विचारलं.

ते थांबले, हंडा ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि म्हणाले, “ती तीस वर्सं ह्या वाटंनं गेली, मास्तर. मला आजून वरीस बी न्हाई झालं.”