हिरामणच्या बेअरिंगना अक्षता

आमच्या शेजारचा हिरामण डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर होता. काम सुटलं की माणसं रिक्षा घेतात, वडापावची गाडी टाकतात. या गड्यानं रोह्याच्या बंद वखारीतून लाकूड कापायची जुनी बँडसॉ उचलून आणली. खाली-वर दोन मोठी चाकं आणि त्यांवर फिरणारं करवतीचं पातं. पेणमध्ये गणपती घडवणारे ढिगानं, पण गणपतीखालचे पाट कापायचे ते आपणच, असा त्याचा बेत.

मशीन सुरू झाली की आमच्या मांडणीवरचे डबे चालत पुढं यायचे. शेवटी त्याची बायको, बायजाबाई, कडाडली, "नारळी पुनवेपर्यंत धड चालली नाय, तर भंगारवाल्याला बोलावीन. तो मशीन नेईल, आनि म्हनाल तर तुमाला पन!"

हिरामणनं वरचं चाक हलवून पाहिलं, तर ते म्हाताऱ्याच्या दातासारखं डुगडुगत होतं. बेअरिंग झिजलेल्या. त्यानं जुन्या खेचून काढल्या, नव्या आणल्या, त्यांत ग्रीस भरलं. पण देवाचं काम, पूजेशिवाय कसं बसवायचं? उघड्याच बेअरिंग पाटावर मांडून त्यानं मनसोक्त हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. मग पाइपाच्या तुकड्यानं ठोकून बसवल्या, लेकराला थोपटावं तितक्या हळू.

बटन दाबलं. खर्र खर्र! आधीपेक्षा जोरात.

"दुकानदारानं फसवलं! आत्ता जातो आनि बघतो त्याला," म्हणत हिरामण चपला शोधू लागला. पुनव उद्यावर आलेली.

बायजाबाईनं चाकाजवळचं ग्रीस बोटावर घेतलं. "अवो, ग्रीस लाल कधीपासून येतंय?" बोटं चोळली. "आनि ह्ये काय? तांदूळ! बेअरिंगचं लगीन लावलंत काय?"

हिरामणच्या चपला सापडल्या, पण गडी हलला नाही. त्यानं बेअरिंग काढल्या, रॉकेलमध्ये धुतल्या, वाळवल्या, नवं ग्रीस भरलं.

दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो, तर बायजाबाईनं मशीनच्या टेबलावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला. "करा चालू."

पातं फिरलं. चहा हलला नाही. पहिला पाट लोण्यासारखा कापला गेला. भंगारवाल्याचं गिऱ्हाईक गेलं.

तेवढ्यात बायजाबाई कुंकवाचा करंडा घेऊन आली. हिरामण दोन्ही हात पसरून मशीनच्या आडवा. "लांबून गो, लांबून!"

तिनं कुंकवाचं बोट त्याच्याच कपाळावर टेकवलं. "ह्या बेअरिंगला तर कुंकू चालंल ना?"

चहा मीच प्यायलो. त्यात भुसा होता.