ठिपका दिसला तरच बटण

“ओके का रिजेक्ट, तेवढं सांगा ताई.” खुर्चीत टेकायच्या आधीच काकांचा प्रश्न तयार. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार माल तपासला होता. समोर येईल ते एकतर ओके, नाहीतर रिजेक्ट. तिसरा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता.

मी नाशिकच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नजर तपासायचं मशीन चालवते. काचबिंदूचा संशय आला की डॉक्टर पेशंटला माझ्याकडे धाडतात. एक डोळा झाकायचा, समोर मधोमध बघत राहायचं आणि कडेला कुठे उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. एवढंच, पण माणसं घाबरतात. आणि काहीजण, तुम्हाला म्हणून सांगते, कॉपी करतात.

काकांनी कॉपी केली. ठिपके किती वेळाने येतात ते ताडलं आणि ठेका धरून बटण दाबत सुटले. मशीनने लगेच चुगली केली, की ठिपका नसतानाही हा गृहस्थ दाबतोय.

“काका, इथे पहिला नंबर काढायचा नाहीये,” मी फटकारलंच. “तुमच्या कारखान्यात कुणी न मोजता आकडा लिहिला असता तर?”

“घरी बसवला असता,” असं म्हणून त्यांनी कान पकडले आणि पुन्हा खुर्चीत बसले. या खेपेला बटण बराच वेळ वाजलंच नाही.

उजव्या डोळ्याच्या कागदावर नाकाच्या बाजूला चांगला मोठा काळा डाग आला. डॉक्टरांनी समजावलं. डोळ्यातल्या दाबामुळे मागची नस हळूहळू सुकते, दुखत-खुपत नाही, म्हणून पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण रोज थेंब टाकून दाब खाली ठेवला तर उरलेली टिकवता येते. सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं.

बाहेर येऊन काका माझ्यापाशी बसले. “आमच्या मायचंही हेच झालं असणार. आम्ही म्हणायचो, मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. शेवटची दहा वर्षं भिंत धरून चालली बिचारी.” मग म्हणाले, “धाकट्याला आणलं पाहिजे.”

धाकटा भाऊ सटाण्याला शेती करायचा. तो काही येईना. कांदा काढायचाय, आणि वर ‘माले सगळं दिखस’. काकांना सगळं दिसण्याची किंमत कळली होती, त्यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. पुढच्या तपासणीला भाऊ हजर. मी काही विचारायच्या आत काका माझ्या कानाशी लागले. “त्याला सांगितलंय, तुझे डोळे बघितल्याशिवाय माझं औषध ठरत नाही. फोडू नका.”

खोटेपणाची मला चीड आहे, पण त्या दिवशी मी तोंडाला कुलूप लावलं.

भावाच्या डाव्या डोळ्यात नुकती सुरुवात निघाली. “अगदी वेळेवर आलात,” डॉक्टर म्हणाले.

“माझं राहू द्या,” भाऊ म्हणाला. “दादाचं औषध ठरलं ना आता?”

डॉक्टर बुचकळ्यात पडले. “त्यांचं तर सहा महिन्यांपासून चालू आहे.”

भाऊ वळला. “दादा, तू माले खोटं बोलना?”

“बोललो. मायला आणायचं राहिलं. तुला तरी आणलं.”

भावाने बाकावर बसून मान मागे टाकली आणि काकांनी पहिला थेंब सोडला. तो गालावर पडला. “रिजेक्ट.” दुसरा मिशीत. “रिजेक्ट.” तिसरा बरोबर डोळ्यात. “ओके. आता डोळा मीट आणि नाकाजवळचा कोपरा दाबून धर. दोन मिनिटं.” दोन म्हातारे, एकाचं बोट नाकाशी, दुसऱ्याची नजर घड्याळावर. सगळी रांग हसत होती आणि मीही पोट धरून हसले.

काका गेल्या वर्षी गेले, हृदयाच्या झटक्याने. त्यांचा काळा डाग शेवटच्या तपासणीतही तेवढाच होता, तसूभर वाढला नव्हता. भाऊ सहा महिन्यांनी न चुकता येतो, आता दोन्ही मुलींनाही आणतो. परवा काकांच्या पत्नी, काकू, त्याच्यासोबत होत्या. काका गेले त्या दिवशीचं मी विचारलं.

“पेपर वाचत होते,” त्या म्हणाल्या. “धाकट्याला कळवायचा म्हणून कांद्याचा भाव मोठ्याने वाचला आणि चहा मागितला. मी कप घेऊन आले, तर चष्मा डोळ्यांवर तसाच होता.”