लॅपटॉपचा बस्ता

सोलापुरात लग्नाचा बस्ता बांधायला येणाऱ्या मंडळींपैकी निम्म्यांना तुमच्या आत्याआजींनी साड्या निवडून दिल्या असतील आणि उरलेल्या निम्म्यांना घेऊ दिल्या नसतील, असं माझं ठाम मत आहे. आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, तुमच्या बाबाची आत्या आणि माझी नणंद. बस्ता म्हणजे काय ते, मुलांनो, तुम्हांला तिकडे परदेशात कोण सांगणार? नवरीपासून लांबच्या चुलत्यापर्यंत सगळ्यांच्या कापडांची एका बैठकीत केलेली खरेदी. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर दोन्हीकडची माणसं मांडी घालून बसतात, समोर साड्यांचा डोंगर होतो आणि कुणाचंच कुणाशी पटत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "आत्याला बोलवा," आणि भवानी पेठेतल्या आमच्या घरून रिक्षा निघते. त्या येतात, मधोमध बसतात, पाणी मागतात आणि बराच वेळ एक अक्षर बोलत नाहीत. त्या गप्प बसण्याला घाबरून दुकानदार आपणहून वरच्या फळीवरचा माल खाली काढतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. नंतर त्या साडी उलटी करून पदराची मागची बाजू बघतात आणि ती तशीच खांद्यावर टाकून दाराबाहेर उन्हात जाऊन उभ्या राहतात. "दुकानातला दिवा दुकानदाराचा असतोय, वहिनी," त्या मला म्हणाल्या होत्या, "सूर्य आपला हाय."

ही रीत साड्यांपुरती असती तर मी एवढी थक्क झाले नसते. पण कुकर असो, पंखा असो की दाराचं कुलूप, त्यांच्या लेखी तो बस्ताच. मिक्सर घ्यायला गेल्या तेव्हा भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ असं सगळं घरून नेलं होतं. दुकानातल्या एकेका मिक्सरमधून त्यांनी शेंगांची चटणी काढली, जिभेवर ठेवून पाहिली आणि "ह्यात पीठ हुतंय, चटणी न्हाय हुत," असं म्हणत यंत्रं बाद केली. शेवटी चटणी जमली तेव्हा दुकानदाराने मागच्या घरातून कडक भाकरी मागवली आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं काउंटरशी उभी राहून जेवली. निघताना तो आम्हांला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. प्रेमाने आला की आम्ही खरंच गेलो याची खात्री करायला, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांचे नियम मात्र पक्के आहेत. आधी कुलदेवतेचा खण, मग बाकीची खरेदी. जोडीची वस्तू जोडीला लावून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही. आणि दुसऱ्याने वापरलेलं काही घरात आणायचं नाही, मग ते फुकट का मिळेना. लहानपणी थोरल्या बहिणीचं परकर-पोलकं अंगावर चढवायला त्यांनी साफ नकार दिला होता आणि दिवसभर टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या, असं तुमचे आजोबा सांगत. माढ्याला सासरी गेल्यावरही त्यांनी हा नियम मोडला नाही, आणि तिथे सासू काही साधी नव्हती.

आता माझ्या कानांविषयी. गेल्या वर्षापासून मला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. कानातलं यंत्र लावलं की स्वयंपाकघरात पडलेली वाटी तोफेसारखी वाजते आणि माणूस मात्र पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. समोर बसलेल्याचे ओठ दिसले तर तेवढं जुळवता येतं. रविवारी तुमचा फोन येतो तेव्हा आत्याआजी माझ्या शेजारी बसून तुमचं बोलणं माझ्या कानाशी येऊन मोठ्याने सांगतात. यात एक छोटी अडचण अशी, की तुम्ही बोलता इंग्रजी. मी आयुष्यभर इंग्रजी वाचलं, पण मला ऐकू येत नाही. त्यांचे कान मुंगीची चाहूल घेतील, पण त्यांचं इंग्रजी शाळेतच थांबलं. तरी त्या कधी अडल्या नाहीत. धाकट्या, तू हात हलवत खूप वेळ काहीतरी सांगितलंस, त्याचा अर्थ त्यांनी मला दिला, "म्हणतोय, आजी, तुझ्या हातची पुरणपोळी लई आठवती. इथलं जेवण गोडच लागत न्हाय." तुझ्या अंगात फुटबॉलचा चिखलाने माखलेला सदरा होता. थोरली काही बोलली, की "म्हणतीय, आजी, जप जिवाला. पायाला तेल लाव." मी मान डोलवायचे. पण मला तुमचेच शब्द हवे होते, चिखलासकट.

मी काही बोलले नव्हते, तरी तुमच्या बाबाने उपाय सुचवला. बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटतं, पण फोनवर ती अक्षरं मोहरीएवढी. तो लॉकडाऊनमध्ये इथे अडकला होता तेव्हाचा मोठा मॉनिटर माळ्यावर होताच. त्याला जोडायला एक स्वस्तातला लॅपटॉप घ्यायचा, आणि डॉकिंग स्टेशन म्हणून एक डबी मिळते ती. मॉनिटर, कीबोर्ड, स्पीकर, चार्जर यांच्या वायरी त्या डबीत कायमच्या खोचून ठेवायच्या आणि लॅपटॉपला डबीची एकच वायर लावायची. माझ्या संधिवाताच्या बोटांना एक वायर झेपेल, सहा नाही. आत्याआजींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे लॅपटॉप साडी, आन् डबी खण. कळलं. मॉनिटर काढा खाली."

माळ्यावरचा मॉनिटर त्यांनी चादरीत गुंडाळला आणि रिक्षात बाळासारखा मांडीवर घेतला. मी म्हटलं, "अहो वन्सं, दुकानात मॉनिटर असतात की." त्यांनी चादरीची गाठ आणखी घट्ट केली. दुकानात गादी नव्हती, म्हणून काउंटरमागच्या खुर्च्या पुढे आणवल्या. पाणी मागितलं. गप्प बसल्या. दुकानदार, चांगला पोक्त माणूस, थोड्या वेळाने कपाळ पुसू लागला. मग आत्याआजींनी रीतीप्रमाणे आधी खण घेतला. म्हणजे काचेतली एक राखाडी, नाजूक डबी पसंत केली, तिचा भाव केला, तिला हळदीकुंकू लावलं आणि पिशवीत ठेवली.

"काकू, आधी लॅपटॉप ठरवा," दुकानदार काकुळतीला आला. "डबी नंतर घेतात."

"तुमच्यात घेत असतील. आमच्यात आधी खण."

त्याने लॅपटॉप मांडले. आत्याआजी प्रत्येकाचा पडदा मिटवून तो उलटा करत आणि कडांची भोकं निरखत. आमच्या ऐपतीत बसणारे, चंदेरी, पातळ, देखणे असे सगळे एकेक करून डबीला लावले. कीबोर्ड चालला. स्पीकर वाजला. मॉनिटर काळा तो काळाच राहिला. दुकानदाराने वायर काढून घातली, उलटी घातली, फुंकर मारली. शेवटी त्याने सांगितलं, की भोक दिसायला सारखं असलं तरी स्वस्त लॅपटॉपात त्यातून पुष्कळदा चित्र जात नाही आणि या डबीला तर त्याच वाटेने चित्र लागतं. चित्र पाठवणारे नवे लॅपटॉप होते, पण ते ऐपतीबाहेरचे. "मी डबी बदलून देतो ना काकू, दुसऱ्या तऱ्हेची येते."

"कुंकू लावलेला खण परत करू? नरकात जायचं हाय का मला?"

मी हळूच म्हटलं, "वन्सं, जाऊ द्या. आहे तसं चाललंय आपलं."

"काय चाललंय?" त्या माझ्याकडे वळून, शब्द सुटे करून बोलल्या. "गप बसा, वहिनी. बस्ता अर्धा टाकून कुणी उठत न्हाय."

दुकानदार आत गेला आणि एक काळा, जाड, कोपऱ्याला घासलेला लॅपटॉप घेऊन आला. एका ऑफिसातून आलेला, दुरुस्त करून विकायला ठेवलेला, वापरलेला. त्याने तो डबीला लावला आणि मॉनिटर लख्ख उजळला. भावही आमच्या बेताचा होता. मला आनंद झाला आणि लगेच मनात टॉवेल गुंडाळून बसलेली ती लहान मुलगी आली. आत्याआजी त्या घासलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्षरं दावा. वहिनींना वाचता येतंय का बघू."

दुकानदाराने आपल्या फोनवरून त्या लॅपटॉपवर कॉल लावला. आत्याआजींनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि सवयीने दाराबाहेर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून, म्हणजे मला ओठ दिसू नयेत. बसगाड्यांचे हॉर्न वाजत होते. मला त्यांचा आवाजसुद्धा येत नव्हता. आणि मॉनिटरवर सुपारीएवढी इंग्रजी अक्षरं उमटू लागली. त्यांचं शाळेतलं इंग्रजी, एकेक वाक्य तोलूनमापून: 'शी इज माय ब्रदर्स वाइफ. शी कॅनॉट हिअर. शी डज नॉट टेल एनीबडी. आय नो.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्या आत आल्या तेव्हा मी मान हलवली. त्या दुकानदाराला म्हणाल्या, "बांधा." मी म्हटलं, "वापरलेला आहे, वन्सं." त्या म्हणाल्या, "असू दे की. पुसून घेऊ." आणि कुंकवाची डबी उघडली. साठ-सत्तर वर्षांचा नियम इतक्या सहज मोडलेला मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

गेल्या रविवारी तुम्ही दिसलात, परातीएवढे. मी सगळं वाचलं. दातांची तार टोचते, गणिताच्या बाई कडक आहेत, कुत्र्याने मोजा खाल्ला. मी विचारलं, तुम्ही हसलात, मी परत विचारलं. आत्याआजी शेजारी बसून होत्या. सुरुवातीला त्यांनी एकदा माझ्या कानाकडे तोंड आणलं, मी आधीच हसत होते ते पाहिलं आणि मागे सरकल्या. मग कधी उठून स्वयंपाकघरात गेल्या ते मला कळलं नाही. शेवटी पडद्यावर उमटलं, 'ओके आजी, बाय,' आणि पडदा काळा झाला. मुलांनो, तुम्ही अगदी बरोबर बोललात, मुलांनी असंच बोलावं. पण वर्षभरात मला एकदाही नुसतं 'बाय' मिळालेलं नव्हतं.

मी आत गेले. त्या ओट्याशी चहाचं आधण बघत उभ्या होत्या. "आता कळतंय की तुम्हांला सगळं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या असाव्यात. मी त्यांना खांद्याला धरून वळवलं.

"वन्सं, शेवटी काय म्हणाली हो पोरं?"

त्यांनी गॅस बारीक केला, पदराने हात पुसले आणि माझ्या कानाशी येऊन सांगायला लागल्या. चहा थंड झाला तरी तुमचं बोलणं संपलं नव्हतं.