लग्नाच्या बॅनरवरचा कलश

आठवीत शाळा सुटली. घरापासून लांब, परभणीत, बॅनरच्या दुकानात मालकांनी मला फोटोशॉप शिकवलं. म्हणून गिऱ्हाईक चिडलं की अजून मी आधी मालकांकडं बघतो.

लग्नाच्या बॅनरवर मी तांब्याचा कलश काढला होता. एका अंगाला उजेड, दुसऱ्याला काळी छटा. कसा गरगरीत दिसत होता! नवरदेवाचे मामा कडाडले, "शुभकार्यात काळं? काढ ते!"

काढलं. कलश ताटलीसारखा चपटा झाला.

"आता चपटा कामून दिसायलाय? येतं का न्हाई तुला काही?"

मालक हळूच म्हणाले, "काळ्याऐवजी गडद कुंकवाचा रंग भर."

कलश पुन्हा गोल झाला.

"बघ! सावली काढली तर कसा उठून दिसायलाय!" मामा म्हणाले.

सावली तिथंच होती! मालकांकडं बघून बॅनर छापायला टाकला, पण आजही आठवलं की डोकं तापतं.