पोळ्याचं आवतण

निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीच्या बायका भजनी मंडळात गेल्या, मी घोडी घेतली. तांबूस, बुटकी, कपाळावर पांढरा ठिपका. भोपाळला सोनागिरीतल्या आमच्या कॉलनीत कितीतरी दिवस दुसरा विषयच नव्हता. म्हातारपणी चळ लागलाय म्हणे. म्हणू देत. मी काय घोडी त्यांच्या अंगणात बांधणार होते?

ती शहराबाहेर, तळ्याकाठच्या एका तबेल्यात राहते. तबेला सांभाळायला चाचा आहेत, पण खरारा मी करते, खुरांत अडकलेली माती मी काढते, खोगिराखाली कुठे कातडी घासली गेलीय का तेही मीच बघते. मग आम्ही दोघी सागाच्या रानात शिरतो. लगाम सैल सोडला की वाट तीच निवडते. खुरांचा आवाज ओल्या पानांत बुडून जातो. तळं झाडांमधून मध्येच चकाकतं आणि पुन्हा नाहीसं होतं. धुक्यात तिचे कान तेवढे पुढे दिसत राहतात, आणि मला वाटतं, मी अजून अंथरुणातच आहे, हे सगळं झोपेत चाललंय. नळाला पाणी आलं का, दूध उतू गेलं का, काही म्हणजे काही आठवत नाही. इतकं सुख मला माणसांनी क्वचितच दिलंय, स्पष्टच सांगते.

आमचे हे मात्र गाडीतून उतरत नसत. कारखान्यात जन्मभर अवाढव्य यंत्रं हाताळलेला माणूस, पण घोडीपासून लांब. मला सोडायचं, काचा वर करायच्या, वासाच्या नावानं नाकाला रुमाल लावायचा आणि पेपर उघडायचा. घरी आल्यावर विचारायचे, माझी सवत काय म्हणतेय?

हे विदर्भातले, मी पुण्याची. पोळा म्हणजे यांचा जीव. पण भोपाळच्या क्वार्टरमध्ये बैल कुठून आणणार? दरवर्षी मातीच्या जोडीपुढे पुरणपोळी ठेवायची आणि मग हे दिवसभर गप्प. गेल्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी मी घोडीला खरारा करत होते, तर हे चक्क गाडीतून उतरले. हातात वाटी, वाटीत हळद आणि तूप. बिचकत बिचकत तिच्या खांद्याला चोळलं आणि गावाकडे बैलांना म्हणतात तसं हळूच म्हणाले, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये."

मला हसू आवरेना. पण आतून बरंही वाटलं. म्हटलं, चला, सवतीशी गट्टी जमली एकदाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानातून फिरून आले, घोडी बांधली आणि हातपाय धुवायला गेले. मग आम्ही घरी आलो. दुपारी ताटं वाढत होते तेवढ्यात चाचांचा फोन. घोडी सारखी आडवी पडतेय, लोळतेय, पोटाकडे वळून वळून बघतेय.

ताटं तशीच टाकून निघालो. जनावरांचे डॉक्टर आमच्या आधी पोचले होते. घोडीच्या पोटाला कान लावून त्यांनी विचारलं, आज काय खाल्लं? मी म्हटलं, रोजचंच, गवत आणि थोडा भरडा. तेव्हा मागून यांचा आवाज आला. पुरणपोळ्या. सकाळी तू हातपाय धुवायला गेलीस तेव्हा. शेजाऱ्यांना द्यायला गाडीत ठेवलेला डबा. सगळा, तुपासकट.

माझं डोकं असं भणभणलं! घोडं म्हणजे बैल नाही. त्याला रवंथ नाही, उलटीही होत नाही. पोटात अडकलं की जिवावरच बेततं. तोंडावर आलेलं सगळं बोलणार होते, पण यांच्याकडे बघितलं आणि गिळलं. यांचा चेहरा पार उतरला होता.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल पोटात सोडलं. म्हणाले, हळूहळू चालवत राहा, लोळू देऊ नका. लीद पडली तर समजा वाचली.

मी तिला घेऊन आमच्याच वाटेला लागले. मान खाली, अंगावर घाम, चार पावलं टाकली की गुडघे मोडायची. मला रडू येत होतं आणि माझाही गुडघा ठणकत होता. तेवढ्यात यांनी माझ्या हातातली दोरी घेतली. रुमाल नाही, काही नाही. घोडीच्या गालाला खांदा लावून चालायला लागले.

मी मागून जात राहिले. पावसाची भुरभुर थांबली होती, सागाच्या पानांवरून थेंब गळत होते, आणि हे तिच्याशी बोलत होते. वडिलांच्या बैलजोडीबद्दल. पांढरा कसा मायाळू होता, यांनी शाळेतून आल्यावर हाक मारली की कसा हंबरायचा, आणि विकला त्या दिवशी हे कसे गोठ्यातच झोपले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला यातलं काही माहीत नव्हतं. ती खाली बसू पाहायची, हे म्हणायचे, "ऊठ माय, ऊठ." ती उठायची. तळं दिसायचं, झाडांआड जायचं, पुन्हा दिसायचं. किती फेऱ्या झाल्या, देव जाणे. या दोघांना मी असं कधी स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि मी आतल्या आत घोकत होते, नेऊ नकोस रे हिला, हिला नेलीस तर हे पुन्हा गप्प होतील, कायमचे.

उन्हं कलली तेव्हा ती थांबली. शेपूट उचलली. ओल्या वाटेवर थपथप लीद पडली, वाफाळती.

हे वाकून बघत राहिले. मग तिथेच चिखलात बसले आणि लहान मुलासारखे रडले. घोडीनं मान खाली घालून यांच्या डोक्याचा वास घेतला.

"मीच जेवाले बोलावलं होतं तिले," हे म्हणाले.

मी शेजारी बसले. साडीचं काय व्हायचं ते होऊ दे.

"पुढच्या वर्षीही आवतण द्या," मी म्हटलं. "फक्त वाढीन मी."

यांनी मान डोलावली. दोरी काही हातातून सोडली नाही.