हात लावला की बाद

निपाणीच्या तंबाखू वखारीत मी कारकून होतो, आणि हा गडी तिथं दाभणानं पोती शिवायचा. पोलिओनं पाय काड्यांसारखे झालेले, दंड मात्र माझ्या मांडीएवढे. वखारीच्या तीन पायऱ्या तो बसूनच, हातांवर अंग तोलत चढायचा. कुणी काखेत हात घालायला गेलं की ओरडायचा, "हात लावू नगा! हात लावला की उचल बाद!"

हा त्याच्या खेळातला नियम. बाकड्यावर उताणं झोपून वजनाचा दांडा छातीवरनं वर ढकलायचा. दांडा निसटला तर धरायला मागं एक माणूस उभा असतो; त्याचं बोट जरी लागलं, तरी ती उचल मोजत नाहीत. पण म्हणून बसमध्ये चढतानाही तोच नियम? एकदा त्यानं मला झिडकारलं, तेव्हापासून मी हात पुढं केलाच नाही. एवढा कसला ताठा!

म्हणूनच असेल, बेळगावला अपंगांच्या स्पर्धेत त्यानं मागं मलाच उभं केलं. शेवटच्या वजनाला दांडा अर्ध्यात अडकला. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. माझे तळवे दांड्याखाली दोन बोटांवर होते, आणि तो त्यांच्याकडं डोळे वटारून बघत होता. मी हात तसेच ठेवले. दांडा वर गेला.

पहिल्या नंबराचं पदक गळ्यात घालून तो मंचाच्या पायऱ्यांपाशी आला. मी सवयीनं बाजूला झालो.

"सरकतोस कुठं रं?" तो म्हणाला. "उचल मोजून झाली न्हवं? आता धर की."