थांबलं की चुकलं

माझा भाऊ लहानपणापासून हट्टी. आंधळा मात्र तो चाळिशीनंतर झाला. लोक मला सांगतात, सख्ख्या भावाबद्दल असं धडधडीत बोलू नये, जरा मऊ शब्द वापरावा. मी शिंपीण आहे. मऊ कापड मला कळतं, मऊ शब्द नाही जमत. त्याला दिसत नाही, तर नाही दिसत.

एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तो बावीस वर्षं मदतनीस होता. वॉर्डांमधून आलेल्या रक्ताच्या नळ्या टोपणाच्या रंगाप्रमाणे लावायच्या, यंत्रात घालायच्या, चुकीच्या नळीत आलेलं रक्त परत पाठवून द्यायचं, असं त्याचं काम. चुकीची नळी आली की तो मोठमोठ्या डॉक्टरांनाही फोनवर झापायचा. तिथं त्याला सगळे 'नळीसम्राट' म्हणायचे आणि त्याला ते मनातून फार आवडायचं.

मग त्याच्या डोळ्यांच्या मागचा पडदा झिजायला लागला. आधी अंधारात दिसेना, मग कडेचं दिसेना, मग रंग फसवायला लागले. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एक दिवस तो स्वतःच साहेबांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला जांभळं टोपण आणि राखाडी टोपण आता वेगळं दिसत नाही. माझ्या हातून कुणाचा तरी रिपोर्ट चुकायच्या आत मला तिथून काढा." एवढा प्रामाणिकपणा केला नसता, तर आणखी वर्षभर तरी रेटून नेलं असतं त्यानं. मी त्याला तेव्हाही शहाणा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

कार्यालयानं मार्ग काढला. फोनवर डॉक्टरांना रिपोर्ट सांगणाऱ्या माणसाची एक जागा होती. बोलणारा संगणक देणार होते. पण त्या जागेसाठी खात्याची परीक्षा पास व्हावी लागे. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. साठ प्रश्न जीवरसायन आणि रेणूंच्या शास्त्रातले, चाळीस सामान्यज्ञानाचे, सगळे एकात एक मिसळलेले. पासाला पन्नास गुण आणि संधी तीन. तिसऱ्यांदा गेलं की 'वैद्यकीयदृष्ट्या अपात्र' असं पत्र हातात देऊन घरी.

पहिल्यांदा त्याला एकेचाळीस पडले, दुसऱ्यांदा सेहेचाळीस. काम त्याच्या हातात मुरलेलं होतं, पण कामामागची नावं त्याला कुणी कधी शिकवलीच नव्हती. दुसऱ्या निकालानंतर तो सकाळी सात वाजता बूट घालून पलंगाच्या कडेवर बसायला लागला. कुठं जायचं नसायचं, नुसता बसून राहायचा. भावजय ताट समोर ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. एकदा तो तिला शांतपणे म्हणाला, "तिसऱ्यांदा नाही झालं, तर मला शोधत बसू नका." तिनं मला हे सांगितलं. मी तडक गेले, त्याला दंडाला धरून उठवलं आणि माझ्या दुकानात आणून बसवलं. म्हटलं, "उद्यापासून रोज इथं यायचं. मी वाचीन, तू पाठ कर. फार नाटकं केलीस तर गणवेशाची बटणं लावायला बसवीन."

माझं शिक्षण दहावी. पहिल्या आठवड्यात माझी जीभ अशी काही वळायची की तो त्या अवस्थेतही हसला. मायटोकॉन्ड्रिया, फॉस्फोरिलेशन, न्यूक्लिओटाइड. मी म्हणायचे, ही नावं ठेवणाऱ्यांना घरी बोलायला कुणी नव्हतं का? आणि सामान्यज्ञान आलं की तो चिडायचा. "मंगोलियाची राजधानी विचारायला मला कुठला डॉक्टर फोन करणार आहे?" "उलानबाटर," मी म्हणायचे, "चिडून झालं असेल तर आता तीनदा म्हण." शरीरात हाडं किती, सगळ्यात लहान ग्रह कोणता, कोणत्या प्राण्याला तीन हृदयं. हे सगळं त्या रेणूंच्या मध्ये-मध्ये यायचं, आणि माझ्या डोक्यात ऑक्टोपस आणि अमिनो आम्लं कायमची एकाच खणात जाऊन बसली.

दुकान बंद ठेवणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून आम्ही एक पद्धत बसवली. पुस्तक मशीनच्या टेबलावर उघडं ठेवायचं. मी प्रश्न आणि चार पर्याय वाचायचे आणि शिवण सुरू करायचे. त्यानं उत्तर द्यायचं. बरोबर असेल तर मशीन तसंच चालू राहायचं. चुकलं असेल तर माझा पाय थांबायचा. 'बरोबर', 'चूक' असं काही बोलायचंच नाही. मशीन थांबलं, की तो लगेच दुसरं उत्तर शोधायचा. "डीएनए उघडणारं विकर? लायगेज." पाय थांबला. "नाही नाही, हेलिकेज. लायगेज जोडतं." मशीन सुरू. असे आठ महिने. गणवेशांचे ढीग निघाले, उशांचे अभ्रे निघाले, आणि तो घडाघड बोलायला लागला. भावजय म्हणाली, दोन वेळा जेवतायत. मला वाटलं, आता गाडं मार्गी लागलं.

त्याला परीक्षेत लेखनिक घ्यायला परवानगी होती. आधीच्या दोन्ही वेळा कार्यालयानं दिलेले अनोळखी लोक होते. या वेळी त्यानं माझं नाव दिलं. नियम असा, की लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा आणि त्या विषयाचा नको. माझा दहावीचा दाखला बघून साहेबांनी हसून सही केली. या बाईला काय कळणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आठ महिन्यांपूर्वी ते खरंही होतं. एका कागदावर माझी सही घेतली: उमेदवार सांगेल तेच लिहीन, शब्दानं किंवा खुणेनं मदत करणार नाही. मी वळणदार सही केली. तेव्हा माझ्या मनात काही वावगं नव्हतं.

आम्हाला वेगळी खोली दिली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि माझ्या उजव्या हाताशी पर्यवेक्षिका. चष्मा नाकावर घसरलेली, पण नजर कागदावर खिळलेली. मी प्रश्न वाचणार, तो पर्यायाचा आकडा सांगणार, मी पेन्सिलीनं त्या आकड्याचा गोल भरणार. टोकदार पेन्सिल खडबडीत कागदावर चांगला आवाज करते, हे मला त्या दिवशी कळलं. पहिले दहा प्रश्न सरळ गेले. अकराव्याला त्यानं चुकीचा आकडा सांगितला आणि माझा हात थांबला. मी थांबवला नाही, शपथेवर सांगते. आठ महिन्यांची सवय होती ती, पायातली हातात आली होती. आणि तो पटकन म्हणाला, "थांबा, तीन लिहा." परीक्षेत तो मला 'अहो-जाहो' करत होता. तीन बरोबर होतं.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पर्यवेक्षिकेला काही कळलं नव्हतं. कागदावर सही केलेली बाई मीच होते, आणि ती बाई तिथं उठून उभी राहून 'चुकलं माझं' म्हणाली नाही. चौतिसाव्या प्रश्नाला पुन्हा तो चुकला, आणि या वेळी मी थांबले ते समजून-उमजून. बावन्नाव्यालाही. बाकी निम्म्याहून जास्त प्रश्न आमच्या पुस्तकाबाहेरचे होते; तिथं तो अंदाजानं आकडा सांगायचा, आणि मलाही उत्तर ठाऊक नसल्यानं माझा हात थांबायचा नाही. मी काही संत नाही. माझा भाऊ बूट घालून पलंगावर बसलेला मी पाहिला होता.

मग आला एकाहत्तर. मी वाचलं: "रक्तातली साखर तपासायची असता, पेशींनी ती वापरून टाकू नये म्हणून नळीत काय घालतात? एक, हेपॅरिन. दोन, ईडीटीए. तीन, सोडियम फ्लोराइड. चार, सोडियम सायट्रेट." मला मनातल्या मनात हसू आलं. ही तर राखाडी टोपणाची नळी. याच नळीवरून त्यानं निम्म्या इस्पितळाशी भांडणं केली होती. तो माझं वाचून संपायच्या आत म्हणाला, "तीन." मी आनंदानं पेन्सिल टेकवली आणि टोक मोडलं.

दुसरी पेन्सिल डबीत होती. डबी उघडून ती काढायला असा किती वेळ लागतो? पण तेवढ्यात त्याचा चेहरा बदललेला मला दिसला. आवाज थांबला होता. "थांबा," तो म्हणाला. "दोन. दोन लिहा."

मला बोलायची मनाई होती. प्रश्न पुन्हा वाचायची तेवढी परवानगी होती. म्हणून मी तो पुन्हा वाचला, हळू, एकेक शब्द सुटा करून, आणि तिसऱ्या पर्यायावर जरा आवाजही चढवला. पर्यवेक्षिकेनं मान वर केली. "बाई, सरळ वाचा." त्याला मात्र वाटलं, पहिलं उत्तर चुकलं म्हणूनच ही पुन्हा वाचतेय. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "हो, हो," तो म्हणाला, "दोनच. माझं नक्की आहे." पर्यवेक्षिकेनं 'दोन' ऐकलं आणि तिचे डोळे माझ्या पेन्सिलीच्या टोकाशी येऊन बसले. ती बघत नसती तर मी तीनचा गोल भरला असता आणि मला त्याची लाज वाटली नसती. मी दोनचा भरला. माझ्याच हातानं, गडद, कडेपर्यंत.

निकाल एकोणपन्नास.

कार्यालयातून उत्तरपत्रिकेची प्रत आणि बरोबर उत्तरांचा कागद मिळाला. तो आणि भावजय थेट माझ्या दुकानात आले. तो खुर्चीवर बसला, दोन्ही हात मांडीवर. म्हणाला, "ताई, बाकीचं राहू दे. एकाहत्तर वाच."

"तीन," मी म्हटलं.

"मी आधी तीनच म्हणालो होतो ना?"

"हो."

"मग तू थांबलीस का?"

एक वाक्य सांगायचं होतं. पेन्सिलीचं टोक मोडलं रे, बाकी काही नाही. तोंडात आलं होतं. पण मी त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षं ज्या नळ्या याच्या हातातून गेल्या, त्यांच्याबद्दल स्वतःला जे पक्कं ठाऊक होतं, ते यानं पेन्सिलीच्या एका तुकड्यापायी टाकून दिलं, हे याला कळलं तर हा त्याचं काय करेल? दोष द्यायला स्वतःशिवाय कुणीच उरणार नाही. आणि हा आज घरी जाऊन पुन्हा त्या पलंगाच्या कडेवर बसेल. भावजय दारात उभी होती, तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मला वाटलं दोन," मी म्हटलं. "मला वाटलं तू चुकतोयस."

 तो असा ओरडला, की समोरचा घड्याळदुरुस्तीवाला दुकानाबाहेर आला. "तुला वाटलं? दहावी पास शिंपीण तू, तुला काय कळतं त्यातलं! माझी आयुष्यभराची नळी होती ती! आठ महिने काय झोपून वाचत होतीस?" त्यानं टेबलावरचं पुस्तक चाचपून उचललं आणि भिंतीवर मारलं. मी उलटून एक शब्द बोलले नाही. माझ्याकडून असं कधी होत नाही, आणि त्याच्या ते लक्षात आलं नाही, हे नशीबच म्हणायचं.

पत्र दोन आठवड्यांनी आलं. त्याच्याशी माझं बोलणं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतो, बहिणीनं माझा गळा कापला. प्रयोगशाळेतल्या जुन्या लोकांना फोन करकरून सांगतो. माझ्याकडं कपडे टाकणाऱ्या दोघी-तिघींनीही मला त्याबद्दल विचारलं. रात्री मला रडू येतं, ते मी लपवत नाही, लपवायला घरात कुणी नाहीच.

काल भावजय आली. दाराशीच उभी राहून म्हणाली, "ताई, आज पुन्हा तेच. अर्धा तास तुमचा उद्धार चालला होता. म्हणे, साखरेची नळी कोणती हे जिला माहीत नाही, तिच्या भरवशावर मी गेलो."

"आणि जेवला?"

"जेवले. भांडत-भांडत सगळं ताट संपवलं. मग काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत एकटे जाऊन आले." ती थोडी घुटमळली. "ताई, खरं सांगा. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

तिला मी शिवलेला अभ्रा घडी करून दिला आणि म्हटलं, "नव्हतं गं. मला कुठलं माहीत असणार? त्यालाही असंच सांगत जा."